सुभेदाराचं रडणं

रीडिंग, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार.

दोनशे वर्षांपूर्वी मेलेला सैनिक पडद्यावर रडला, तर आजच्या फौजेचं नेमकं काय बिघडतं? मला सांगता येत नाही. इतिहासात एम.ए. करून, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुमच्या हातचे पेढे खाऊनही सांगता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामींकडून शेकून घेत जा. इथे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मी रागावले आहे, आणि तुमच्यावरच.

माझ्याबरोबर राहणारी समीक्षा नेपाळची. तिने तिकडच्या एका युद्धपटाचं संकलन केलं. कंपनी सरकारची फौज डोंगरी किल्ल्याचं पाणी तोडते, आणि आतला म्हातारा सुभेदार शेवटचा घोट एका पोरीला पाजून भिंतीआड रडतो, एवढीच गोष्ट. तोफा आणि गणवेश नेपाळी लष्कराने दिले, म्हणून चित्रपट आधी लष्कराने पाहिला. मग सूचना आल्या. वेढ्यातल्या सैनिकांच्या दाढ्या वाढलेल्या नकोत. (पाणी प्यायला नाही, पण दाढीला असावं.) फाटके जोडे नकोत. किल्ला पडलेला तर मुळीच नको. त्यामुळे आता इंग्रज येतात, तोफा डागतात, आणि चित्रपट संपतो. इथल्या लोकांना वाटेल, चहाची वेळ झाली म्हणून परत गेले. आणि सुभेदाराचं रडणं गेलं. समीक्षा त्या दिवशी जेवली नाही.

न कापलेली प्रत तिच्याकडे आहे. ती आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, इथल्या नेपाळी शेजाऱ्यांसोबत दाखवायचं मी ठरवलं. पण आपल्या मंडळात गणपतीतलं नाटुकलंसुद्धा आधी समिती पाहते. अध्यक्ष उदयकाका (आयुष्यभर हॉस्पिटलात भूल दिली, आता भाषणं देतात) सगळं बघून म्हणाले, "अगं वरदा, पुढच्या रांगेत त्यांचे माजी सैनिक बसणार. ऑकवर्ड होईल. ती क्लीन कॉपीच लावू या ना." मी भांडले. समितीतल्या आशामावशी तेवढ्यात सामोसे किती मागवायचे ते विचारत होत्या. शेवटी काका म्हणाले, एखाद्या फौजी माणसाचं मत आण, ते सांगतील तसं करू. मी ताठ मानेने म्हटलं, माझे मामा सुभेदार होते.

आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून काय निरोप पाठवलात? "वरदा, जवान रडतो गं. पण ते दाखवायचं नसतं. त्यांच्या लष्कराचं बरोबर आहे."

मामा, तुम्ही सीमेवरून आलात त्या उन्हाळ्यात मी लहान होते. तुम्ही माठापाशी बसून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता आणि रडत होता. आईने मला ओढून नेलं. मामाच्या डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणाली. आपल्या घरातलं पहिलं सेन्सॉर बोर्ड ते. त्यानंतर घरात सगळ्यांनी तुमची पदकं पुसली, पण तहान लागली होती का, हे तुम्हाला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ज्यांनी तुम्हाला माठापाशी एकटं सोडलं, त्यांची बाजू तुम्ही कशी घेता? खरं बोलायला शिक, असं मला तुम्हीच सांगत होता.

कुणाच्या बोलण्याला कात्री लावायचा हक्क कुणालाही नाही. याहून जास्त लिहिलं तर उद्धट होईन.

तुमची,
वरदा

ता.क. समितीला तुमचा निरोप ऐकवला. पहिलं वाक्य तेवढं ठेवलं, बाकीचं समीक्षाने कापलं. (तिला सवय झाली आहे.) उदयकाका म्हणाले, पूर्ण प्रतच लावा. काल पूर्ण चित्रपट दाखवला. रडण्याच्या प्रसंगाला पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले; मला वाटलं, निघाले. त्यांनी टोपी काढली आणि उभेच राहिले.

ता.क. २. त्या आजोबांना तुमच्याशी बोलायचंय. उदयकाकांना मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात तुमचं फोनवरून भाषणही हवंय. कृपया दोघांनाही तिन्ही वाक्यं ऐकवू नका. विचारून नंबर द्यायला हवा होता. दिला आहे.