माल आला तो दिवस

१७ जानेवारी १९६४
सोसायटीचं गोदाम बुधवारी जळालं. आणि माझे चार बोरे कापूस गुरुवारी आत गेले म्हणे — राखेत!

असं रजिस्टर सांगतं. सेक्रेटरी इंद्रभान आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या घरी तारेत ओवून ठेवतो आणि गुरुवारी, बाजार आटोपला की, वहीत उतरवतो. सगळ्यांवर तारीख गुरुवारची. माल शुक्रवारी येवो की सोमवारी. मी टाकला सोमवारी, भोगीला. तिळाची भाकर थापूनच निघाले होते. भरपाई मिळणार ती आगीआधी आलेल्या मालाला. माझा म्हणे आगीनंतरचा.

सून सुहासिनी लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, पण वार येतो. याच कापसातून तिला शिलाई मशीन घेऊन द्यायचं कबूल केलं आहे. ती माझं बोलणं शाळेतल्या बाईसारखं करून लिहिते. करू दे.

१८ जानेवारी
इंद्रभानच्या दारात गेले. म्हणाला, "काकी, वहीत जे हाय तेच खरं."

"तुया पोराची जन्माची नोंद तू दोन महिन्यानं केली. मंग तवापर्यंत तो पोटातच होता काय बे?"

आत त्याची बायको हसली. तो नाही हसला.

१९ जानेवारी
माझा उद्धव म्हणतो, "जाऊ दे ना माय, कायले नादी लागते?" एकुलता एक पोरगा, आणि भांडणाच्या दिवशी याचे नेमके पाय दुखतात.

२१ जानेवारी
सोसायटीच्या ओट्यावर जाऊन बसले. चेअरमन शंकररावांनी समजूत घातली — वहीत खाडाखोड करणं गुन्हा आहे, वगैरे. म्हटलं, खोडता कशाला? दोन रकाने ओढा. एकात माल आला तो दिवस, दुसऱ्यात तुम्हाला लिहायला सवड झाली तो. पहिला आमचा, दुसरा तुमच्या आळसाचा. एक रेघ ओढायला मुंबईची मंजुरी लागते काय?

चहा पाजत होते. घेतला नाही.

२४ जानेवारी
रागानं जेवले नाही. दुपारी जेवले.

२८ जानेवारी
भरपाईचे साहेब आले, तरणेताठे. तारीख विचारली. भोगी, म्हटलं. त्यांनी पंचांग मागवलं, पाहिलं, तेरा म्हणाले. मग इंद्रभानला हुकूम केला — उद्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन ये, माल आल्याच्या आणि नेल्याच्याही. चिठ्ठीवर जो दिवस, तोच धरणार.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सायेब, अकरा दिवसांपासून हेच तं सांगून राह्यले मी!"

इंद्रभानचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नेल्याच्या चिठ्ठ्या तर तो महिनाअखेरीलाच उतरवतो. मी पोटभर बोलून घेतलं.

२९ जानेवारी
माल आल्याची चिठ्ठी निघाली. सोमवार. मी खरी ठरले.

मग दुसरी निघाली, नेल्याची. माझेच चार बोरे. मंगळवार, संक्रांत — आगीच्या आदल्या दिवशी. सही उद्धवची.

सुहासिनीचा हात थांबला. "आत्याबाई, हे काय लिहू?"

"मंगळवार लिही," म्हटलं. "अन् तुया नवऱ्याचं नाव."