कोड नंबर ०७ची व्याख्या

१ जून १९८७, सोमवार

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. पाच महिन्यांची पानं कोरी आहेत. कोरीच राहतील. मागे जाऊन लिहायची पद्धत मला मान्य नाही.

उघडायचं कारण ऑफिसचं आहे. हेड ऑफिसने विचारलं होतं, अंधेरीच्या फॅक्टरीत कॉम्प्युटर वापरतात तरी किती जण? स्टोअर्सने कळवलं नऊ, अकाउंट्सने चौदा, आमच्या मशीनरूमने एकतीस. तिन्ही पत्रं एकाच टपालाने गेली. मग हेड ऑफिसचा फोन आला. आमचे मॅनेजर वैद्यसाहेब तो फोन संपेपर्यंत उभे होते.

निर्णय झाला की डेटा डिक्शनरी करायची. म्हणजे एक जाड फाईल. प्रिंटरशेजारी ठेवायची, सगळ्या खात्यांना एकच. प्रत्येक आकड्याला एक पान: नाव, अर्थ, त्यात काय धरायचं, काय नाही. पानावर असेल तेच खरं. साहेब म्हणाले, गुप्ते, हे तुम्ही लिहा, तुमचं इथे कुणाशी भांडण नाही.

पंधरा दिवसांत फाईल पुरी करणार. शिवाय उद्यापासून सकाळी फिरायला जाणार आणि वरण रोज ताजं करणार.

एकतिसांत कोड नंबर ०७ नीलाचा आहे. नीला माझी पत्नी, स्टोअर्सला ऑपरेटर होती. ११ फेब्रुवारीला गेली. नोंद म्हणून लिहितो. कामाशी संबंध नाही.

३ जून, बुधवार

पान १ लिहिलं. 'युजर : ज्याचा कोड मशीनमध्ये आहे तो.' एका ओळीत काम झालं. उत्तर एकतीस.

वैद्यसाहेबांनी वाचलं. म्हणाले, यातला एक मस्कतला आहे, दोघं रिटायर झाले, आणि... असो. पंख्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, व्याख्या ती व्याख्या. ते म्हणाले, मग दुसरी करा. ॲक्टिव्ह युजर. जे खरंच वापरतात ते.

फिरायला गेलो नाही. चपलेचा अंगठा तुटला आहे.

५ जून, शुक्रवार

पान २. 'ॲक्टिव्ह युजर : ज्याने मागच्या १८० दिवसांत एकदा तरी कोड उघडला तो.' खाली जोडलं, 'एक कोड म्हणजे एक व्यक्ती.' हे वाक्य मला फार आवडलं. त्याखाली दोन रेघा मारल्या.

१८० का, याला कारणं आहेत. माणसं आजारी पडतात, बाळंतपणाला जातात, गणपतीला गावी जाऊन उशिरा परततात. नीलाने शेवटचं काम २९ जानेवारीला केलं, त्या हिशेबाने २८ जुलैपर्यंत प्रश्न नाही. हा योगायोग आहे.

दुपारी मीटिंग. अकाउंट्सचा अंबादास मोठ्याने हसला. म्हणाला, सहा महिन्यांत एकदा हात लावला तरी ॲक्टिव्ह? मग आमचे सासरेही स्वयंपाकघरात ॲक्टिव्ह आहेत, दिवाळीला चहा करतात. सगळे हसले. साहेबांनी १८० खोडून ३० केलं आणि माझी सही घेतली. ३० दिवसांत न उघडलेले कोड १ जुलैला बंद.

मी विरोध केला. शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत, पण सही फार कोरड्या पद्धतीने केली.

१० जून, बुधवार. दु. १.२०

नियम केला तर तो तपासून बघितला पाहिजे. हे तंत्राचं तत्त्व आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्टोअर्समध्ये कुणी नसताना तिथल्या टर्मिनलवर ०७ उघडला. पासवर्ड मला माहीत होता. AMSUL. तीन वर्षांपूर्वी तिने ठेवला तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं, कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणून.

उघडला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'युजर ०७, रेडी.'

दहा मिनिटं बसलो. मग बंद केला. चाचणी यशस्वी.

१ जुलै, बुधवार

मशीनरूमच्या राजारामने मोजणीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. पहिली यादी निघाली. ॲक्टिव्ह युजर चोवीस. सात कोड बंद. मस्कतवाला गेला, रिटायर झालेले गेले. ०७ आहे.

साहेबांनी पेन्सिल ०७ वर ठेवली, उचलली, माझ्याकडे बघितलं. मी यादीची घडी घालत होतो. ते म्हणाले, नुसता उघडला म्हणजे वापरला असं कसं गुप्ते? लोक उघडतात आणि चहाला जातात. महिन्याला निदान पन्नास एंट्र्या तरी हव्यात. जुलैची यादी नुसती माहितीसाठी, ऑगस्टच्या एंट्र्यांपासून पन्नासच्या खाली जो असेल त्याचा कोड पुढच्या पहिल्या तारखेला बंद. लिहा पान ३.

लिहिलं. सही केली.

पन्नास तर पन्नास. करा हवे तेवढे नियम. मी इथेच बसलो आहे.

६ जुलै, सोमवार

स्टोअर्समध्ये मालाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कायम तुंबलेला असतो. तिथली ऑपरेटर शेवंती परब, नीलाच्या हाताखाली शिकलेली. तिला म्हटलं, सुट्टीत थोड्या चिठ्ठ्या मी मारत जाईन. ती म्हणाली, अवो काका, तुम्ही? बरे आहात ना? मी म्हटलं, डिक्शनरीसाठी प्रत्यक्ष अनुभव हवा. तिने खुर्ची पुसून दिली.

अकरा एंट्र्या. दोन बोटांनी. ०७ वर.

९ जुलै, गुरुवार

ग्लिसरीनचे ४० ड्रम लिहायचे ते ४०० झाले. नीलाच्या हातून चौदा वर्षांत अशी चूक झाली नव्हती. तिच्या कोडवर चूक राहून चालणार नाही. लगेच दुरुस्त केली. मग दुरुस्तीत तारीख चुकली, तीही केली. आता चिठ्ठी तीन वेळा वाचतो, मग बोट उचलतो. एका सुट्टीत चार एंट्र्या होतात, पण स्वच्छ.

डबा खायचा राहतो. वजन कमी झालं तर बरंच आहे.

१९ जुलै, रविवार

मुलुंडहून माणिकवहिनी आल्या. भाऊला सर्दी, तो आला नाही. वहिनींनी गॅस पुसला, फ्रिजमधलं वरण टाकून दिलं आणि मग मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, भाऊजी, रेशनकार्डावरचं नाव अजून कमी केलं नाहीत ना? पाच महिने झाले. उद्या कुणी तक्रार केली तर? मी म्हटलं, ऑफिसात डिक्शनरीचं काम चालू आहे, वेळ नाही. त्या म्हणाल्या, कसली डिक्शनरी? समजावून सांगितलं. युजर, ॲक्टिव्ह युजर, एंट्री. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, म्हणजे तुमच्या ऑफिसातसुद्धा माणसं कमी करायचंच काम तुम्हाला दिलंय.

वहिनींना तांत्रिक विषय समजत नाहीत.

त्यांच्यासमोर मी अगदी व्यवस्थित होतो. नीलाचं कपाट मात्र उघडू दिलं नाही.

३१ जुलै, शुक्रवार

मोजून अठ्ठावन्न एंट्र्या झाल्या. पेन्सिलने खुणा केल्या आहेत. पन्नासला आठ जास्त. बंद करून दाखवा आता.

१ ऑगस्ट, शनिवार

यादी आली. ०७ : दोन हजार तीनशे सोळा एंट्र्या. पहिला नंबर.

परत वाचलं. दोन हजार तीनशे सोळा. बाकीच्या ओळी वाचल्या नाहीत.

राजारामचा प्रोग्रॅम चुकतो आहे. पण आपल्या बाजूने चुकतो आहे, तर मी कशाला बोलू? शिवाय चुकत नसेलही. नीलाचं काम मागे कधी राहत नसे. काही माणसांचा हात असा असतो, की एकदा गाडी चालू करून दिली की चालत राहते. याला शास्त्रीय आधार काय, ते सवडीने बघेन.

ऑगस्टमध्येही पन्नास करणारच.

१३ ऑगस्ट, गुरुवार

हेड ऑफिसचं पत्र आलं. ऑपरेटर नंबर ०७ यांचं काम सर्व फॅक्टरींत उत्कृष्ट. अभिनंदन. कंपनीच्या मासिकासाठी नाव आणि फोटो त्वरित पाठवावा.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. म्हणाले, गुप्ते, ०७ कोण? मी म्हटलं, पान १ बघा साहेब. युजर म्हणजे ज्याचा कोड आहे तो. नावाचा रकाना व्याख्येत नाही. आयुष्यात साहेबाला असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. कान गरम झाले होते, पण मागे हटलो नाही.

ते रागावले नाहीत. पाणी पुढे केलं. मला ते जास्त लागलं. मग त्यांनी शेवंतीला बोलावलं.

शेवंती आली आणि दारातूनच म्हणाली, ०७ ना? ०७ वर आम्ही सगळीच बसतो साहेब. स्वतःचा पासवर्ड विसरला की राजारामदादा खोलून द्यायला अर्धा दिवस लावतो. तोवर गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर शिव्या घालतो. म्हणून नीलाताईंनीच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या खाली चिकटपट्टीने लावून ठेवलाय. दोन वर्षं झाली. म्हणायच्या, अडलात की टाका माझ्यावर. सेकंड शिफ्टची द्रौपदी तर दुसरा कोड लावतच नाही.

साहेबांनी विचारलं, म्हणजे त्या होत्या तेव्हासुद्धा? ती म्हणाली, तेव्हासुद्धा. ताईंचा आकडा मोठा दिसायचा तो निम्मा आमचाच. त्या हसायच्या.

मी म्हटलं, पान २ वर स्पष्ट लिहिलं आहे. एक कोड म्हणजे एक व्यक्ती.



१४ ऑगस्ट, शुक्रवार

नीलाने मला हे सांगितलं नव्हतं. पासवर्ड सांगितला आणि चिठ्ठीचं सांगितलं नाही. कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणे.

याबद्दल कुणाला जाब विचारायचा?

स्टोअर्सला गेलो नाही. जाणारही नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

गेलो. गठ्ठा वाढला होता, तत्त्व आणि गठ्ठा वेगळे.

शेवंतीशी बोलत नव्हतो. तिने आपल्या डब्यातली घावनं काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, राग धरू नका काका. तुमच्या एंट्र्या आम्हाला लगेच कळायच्या. तुम्ही तारीख अमेरिकन पद्धतीने टाकता, महिना आधी. मशीन तेरावा महिनाही घेतं, पण माल भलत्याच महिन्यात जातो. आम्ही रोज पाचच्या पुढे बसून सगळ्या नीट करायचो.

मी विचारलं, सगळ्या? ती म्हणाली, जुलैच्या अठ्ठावन्न होत्या. पाच-सहा बरोबर होत्या, खोटं कशाला बोलू?

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही तिथे बसलेले बरे दिसायचात.

घावनं चांगली होती. तीन खाल्ली. माझ्या एंट्र्यांबद्दलचं तिचं मत मला मान्य नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

हेड ऑफिसला कळवलं की फोटो उपलब्ध नाही. पत्राचा मसुदा माझा. 'उपलब्ध नाही' हे शब्द साहेबांचे. मी 'सध्या' घातला होता, तो त्यांनी काढला नाही.

०७ बंद केला तर स्टोअर्स बंद पडेल, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणजे कोड राहणार. मी जिंकलो आहे, हे शांतपणे नोंदवून ठेवतो. राहिलेल्या तपशिलाचं पान मंगळवारी लिहायचं.

१ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी पान ४ लिहिलं. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. 'कोड ०७ : स्टोअर्सचा सामायिक कोड. कामाच्या आकड्यात धरावा. व्यक्ती म्हणून मोजू नये.'

शेवटचं वाक्य मला घालायचं नव्हतं. साहेबांना तसं सांगितलं, या वेळी मोठ्याने. ते म्हणाले, मग तुम्हीच सांगा गुप्ते, काय लिहू? पेन हातात धरून बरंच सुचवून बघितलं. फाईलमध्ये बसेल असं एकही निघालं नाही. साहेब थांबून राहिले. मग लिहिलं, सही केली.

तारीख बरोबर टाकली. दिवस आधी.

मग पान टाईप करायला माझ्या जागेवर बसलो, माझा कोड १२ मारला. मशीन घेईना. तीनदा मारला. राजारामकडे गेलो. तो म्हणाला, गुप्तेसाहेब, ऑगस्टमध्ये तुमच्या कोडवर शून्य एंट्र्या. जुलैतही शून्यच होत्या, यादीत होतं की. पान ३ प्रमाणे आज सकाळी बंद केला. खाली सही तुमचीच आहे, दाखवू?

मी म्हटलं, नको.

आता 'नवीन युजर'चा फॉर्म भरायचा. साहेबांची सही लागेल, तीन दिवस जातील. तोवर मी युजर नाही.

स्टोअर्समध्ये जाऊन उभा राहिलो. शेवंती म्हणाली, त्यात काय काका, ०७ वर बसा, सगळीच बसतात. आणि सरकली.

बसलो. नऊ चिठ्ठ्या मारल्या. कामाच्या आकड्यात धरतील, मला व्यक्ती म्हणून मोजणार नाहीत.