सोळा जणी आणि ब्राह्मीचा अर्क

सोमवार, ६ जानेवारी २०२५
प्रथम क्षमायाचना. जिच्या हातून विज्ञानाला अद्याप काहीच लाभलेले नाही, तिने रोजनिशी लिहिणे हा आगाऊपणाच. तथापि माझ्या पीएच.डी.ची चाचणी आज सुरू झाली, आणि हे कोणाला सांगावे ते सुचले नाही.

उचगावातील पासष्टीपुढच्या सोळा स्त्रिया. आठ जणींना लाल लेबलची बाटली, आठ जणींना निळ्या. एका रंगात स्मरणशक्तीसाठी ब्राह्मीचा अर्क, दुसऱ्यात नुसते कडवट पाणी. कोणत्या रंगात काय, हे केवळ मार्गदर्शक विजयसिंह सरांना ठाऊक.

संकल्प: कोणाशी जवळीक नाही. कोणाकडे चहा नाही. चाचणी संपल्यावर निरोप घेताना अवघड जाऊ नये. कॉलेजात दोन वर्षे हेच पाळते आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी, दुपारी १.३०
डबा ग्रंथालयाच्या जिन्यात खाल्ला. एकांत चिंतनास पोषक. सरांनी ‘मनाली’ अशी हाक मारली. माझे नाव सुष्मिता. दुरुस्त केले नाही. स्मृतीवर संशोधन करणाऱ्यांना ताण फार.

सोमवार, ३ मार्च
पद्धत अशी: दहा शब्द ऐकवायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. मधला वेळ वाया जाऊ नये म्हणून बसते. चहा घेते, नाकारल्यास उत्तरांवर परिणाम होईल.

लाल गटातल्या अक्काताई चारवरून आठवर. निळ्या गटातल्या शेवंताबाईही आठवर. सगळ्याच वाढल्या. अर्थात अर्क अपेक्षेहून प्रभावी. सर प्रसन्न. पुण्याच्या परिषदेत निबंध मी वाचायचा. आरशासमोर सराव सुरू.

सोमवार, ३१ मार्च
अखेरची भेट. न कळवता सकाळीच गेले. अक्काताईंच्या कट्ट्यावर सोळाही जणी, मध्ये पातेले. अक्काताई त्यात लाल बाटली ओतत होत्या, शेवंताबाई निळी. वाटी फिरत होती. पहिल्या दिवसापासून असेच चालले आहे म्हणे.

मी म्हटले, जिची बाटली तिनेच घ्यायची होती.

“व्हय की, सांगितलंतंस,” अक्काताई म्हणाल्या. “पर एकटीनं कोण पितंय गं? बस हितं. कायम उपाशी असल्यागत तोंड तुझं.”

वाटी पुढे आली. नियमानुसार नकार दिला. मग घेतली.

बुधवार, २ एप्रिल
परिषदेची कार्यक्रमपत्रिका आली. त्यात माझे नाव आहे. अचूक छापले आहे. पातेल्याचे सरांना ठाऊक नाही. मी न सांगितल्यास कळणारही नाही. दोन वेळा सरांच्या खोलीचा जिना चढले, उतरले.

अखेर ईमेल लिहिला. सोळाही जणींनी दोन्ही घेतले, सबब चाचणी बाद, निबंध मागे घ्यावा. नव्या चाचणीत रोज प्रत्येकीच्या घरी जाऊन अर्क समोर घ्यायला लावावा लागेल. सोळा घरे, बारा आठवडे, रविवारसुद्धा. एवढा वेळ कोणाला नसतो, म्हणून ते काम मी स्वतः करीन. यात वैयक्तिक असे काहीही नाही.

पाठवले: बुधवार, २ एप्रिल २०२५, सायंकाळी ५ वाजून १२ मिनिटे.