कौशल्य-चाचणी आणि काउंटरची खुर्ची

५ फेब्रुवारी, सोमवार

वरून परिपत्रक आलं. ‘ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या तांत्रिक कौशल्यांचे मूल्यमापन व संवर्धन.’ आमचे मुख्य कारकून रावसाहेब यांनी ते उभं राहून वाचलं. वरून आलेला कागद ते बसून वाचत नाहीत — कागदाला राग येतो बहुधा.

मथितार्थ असा. आधी आमची कौशल्यं मोजणार. मग वाढवणार. मग वाढली का ते पुन्हा मोजणार. देवघेवीच्या काउंटरवर यंत्र येतंय, तेव्हा तिथे माणसं दोनच पुरेत. पास होतील ते काउंटरवर. बाकीच्यांची रवानगी गावाबाहेरच्या पत्र्याच्या गोदामात, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे बांधायला.

गोदाम! तिथे वाचक नावाचा प्राणी फिरकत नाही. मी बोलायचं कुणाशी, वाळवीशी?

७ फेब्रुवारी, बुधवार

हिला सांगितलं. निवृत्त झालात तेव्हाच घरी बसायचं होतं, मानधनावर राहायची हौस तुमची, असं म्हणाली. मी म्हटलं, घरी वाचक कुठे आहेत? ‘मी आहे की,’ म्हणाली. हिने शेवटचं पुस्तक कधी वाचलं ते विचारणार होतो. जेवायचं बाकी होतं, म्हणून नाही विचारलं.

तिला काउंटर म्हणजे काय ते कळत नाही. आज एक शिंपी आला होता. शाळेत एक कविता होती म्हणे, तिच्यात चिमणी आजारी असते. की कावळा? कुणीतरी आजारी असतं एवढं नक्की. अशी अर्धीमुर्धी आठवण घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि मी कपाटात शिरतो. शिरलो की माझा मी राहत नाही. शाईने निळी झालेली बोटं, बाकावर सरकत येणारं ऊन, गुरुजींचा छडीने धरलेला ताल — सगळा वर्ग भोवती येऊन बसतो. शिंप्याला हवी ती कविता सापडली नाहीच. मी दुसरी वाचून दाखवली, तिच्यात कुणीच आजारी नव्हतं. तीच घेऊन गेला, खुशीत.

हे यंत्र देईल?

ताई असत्या तर त्यांनाही ऐकवली असती. त्यांचं टेबल माझ्या अगदी शेजारी. सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर आहेत. मी कविता म्हणायला लागलो की त्या मान खाली घालून काम करत राहतात. वाहवा वगैरे करत नाहीत. दर्दी माणसाची दाद अशीच असते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज मूल्यमापन. आमचं आम्हीच करायचं! प्रत्येक कौशल्यासमोर शून्य ते पाच गुण, आपले आपण द्यायचे. मी सगळीकडे एक दिला. माउससमोर दोन, कारण तो धरता येतो.

पुस्तक-बांधणी करणारा आमचा डिंक. (खरं नाव आता त्याच्या घरीसुद्धा कुणी घेत नसेल.) त्याने रावसाहेबांना विचारलं, ही वस्तू काय आहे तेच माहीत नसेल तर किती गुण द्यायचे?

‘पाच दे. तुला माहीत नाही हे त्यांना कुठे माहीत आहे?’

रावसाहेबांनी स्वतःला सगळीकडे पाच दिले. एका ठिकाणी चौकटीबाहेर अधिकची खूणही केली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल. ज्याला सर्वाधिक गुण तो प्रशिक्षक. रावसाहेब आम्हाला संगणक शिकवणार!

हे तेच, जे आलेली ईमेल दुसऱ्याकडून छापून घेतात, तिच्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारतात आणि फायलीला लावतात.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. आमच्याकडे संगणक एक. धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड असतं, आणि इतक्या जणांचे हात लागले तर बिघडेल म्हणून रावसाहेबांनी ते आजही काढलं नाही. फळ्यावर खडूने संगणक काढला. चांगला काढला होता, खोटं का बोला. पडद्यावर सूर्य उगवताना दाखवला होता.

आज ‘कॉपी’ शिकवलं. ‘पेस्ट’ उद्या.

डिंकने विचारलं, मग रात्रभर ती कॉपी राहणार कुठे?

‘यंत्रात.’

‘आणि वीज गेली तर?’

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वर्ग सोडला.

मी मात्र त्या खडूच्या सूर्याकडे पाहत बसलो होतो. आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर अगदी असाच होता. त्याच्याखाली उभं राहून आम्ही पहाटेची कविता म्हणायचो, पोटात भूक आणि तोंडात दवबिंदू. फळा पुसला तेव्हा भानावर आलो. ‘कॉपी’ कशी करतात ते राहूनच गेलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी सूनबाईला शरण गेलो. तिने रात्रीची भांडी आवरली आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. ‘बाबा, घाबरू नका, चावत नाही.’ ग्रंथालयाची यादी आता घरबसल्या दिसते म्हणे. तिने सांगितलं, काहीतरी शोधा. मी ‘नदी’ लिहिलं — तो दीर्घ ईकार सापडेपर्यंत नदी समुद्राला मिळाली असती. पहिलंच पुस्तक आलं ‘नदीकाठच्या जमिनींची मोजणी’. दुसरं सांडपाण्यावर.

तिसऱ्या पानावर मात्र आमचा एक जुना कवितासंग्रह निघाला. पिवळ्या पुठ्ठ्याचा. मी मोठ्याने हसलो. सूनबाई म्हणाली, बघा, जमतंय की. खरंच जमलं. आता रोज बसायचं ठरवलंय. काउंटर असा सोडणार नाही मी.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा झाली. कापड काढलं! एकेकाने त्या एकाच संगणकावर बसायचं, पडद्यावरचे प्रश्न सोडवायचे आणि उठायचं. गुण थेट वरच्या कार्यालयात जमा.

माझी छान गेली. पुस्तक शोधलं, वाचकाच्या नावावर चढवलं, परत घेतलं. ‘कॉपी’ केलं आणि त्याच दमात ‘पेस्ट’ही केलं. रावसाहेब आत गेले ते घाम पुसतच बाहेर आले. पंखा बंद होता म्हणे. चालू होता.

२८ फेब्रुवारी, बुधवार

निकाल आला आणि सगळ्यांचं तोंड उघडं राहिलं.

ताई पहिल्या.

ताई! ज्या लेकीकडे बाळाचे लंगोट धूत बसल्या आहेत. आम्ही सगळे अनुपस्थित. वर शेरा — ‘यांनी रजेवर असूनही सात वेळा चाचणी दिली. अशी चिकाटी इतरांनी अंगी बाणवावी.’

कसं झालं ते सगळ्यांत आधी डिंकच्या लक्षात आलं. संगणक पहिल्यांदा आला तेव्हा बसवणाऱ्याने विचारलं होतं, इथे ईमेल कुणाकडे आहे? एकट्या ताईंकडे होती. म्हणून त्यांच्या नावाने खातं उघडलं. पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली. तेव्हापासून सगळं ग्रंथालय ताईंच्या नावाने उघडतं आणि ताईंच्या नावाने बंद होतं. ईमेल कुणीही उघडा, यंत्राच्या लेखी उघडली ताईंनीच. परीक्षेलाही आम्ही एकामागून एक तिथे बसलो, चिठ्ठी वाचली आणि ताई झालो.

सात जणांत जे सर्वांत चांगले गुण पडले तेवढे यंत्राने धरले. ते माझे, यात मला शंका नाही. रावसाहेब म्हणतात त्यांचे.

१ मार्च, शुक्रवार

दार लावून बैठक. चूक वर कळवावी, असं मी म्हटलं. रावसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, ‘मास्तर, कळवा की. मग ते विचारतील सगळे एकच पासवर्ड का वापरता. सुरक्षेच्या परिपत्रकावर सही आहे प्रत्येकाची. तुमचीपण.’

मी कधी मास्तर नव्हतो. कवितांमुळे नाव पडलंय. पण सही माझीच होती. गप्प बसलो. सगळेच बसले.

४ मार्च, सोमवार

आदेश आला. ताई ‘कौशल्य समन्वयक’. काउंटर त्यांच्या ताब्यात. सोबतीला एकच माणूस, तो त्यांनी निवडायचा. बाकी सर्व गोदामात. ताईंना त्यांची प्रत घरी गेली आहे. उद्या रुजू होतायत.

कार्यालयाचा रंगच पालटला. रावसाहेबांनी ताईंच्या नातीला भेट काय द्यावी यावर तासभर चर्चा केली. एकाने त्यांच्या खुर्चीचा डगमगणारा पाय नीट केला. एकाने त्यांचं टेबल दोनदा पुसलं. मला हसू येत होतं. पुसा, लेको!

मला असलं काही करायची गरज नाही. इतकी वर्षं शेजारी बसलोय आम्ही. दुपारी वर्दळ ओसरली की परत आलेल्या पुस्तकांचा ढीग त्यांच्यापुढे, आणि माझ्याकडे एखादी कविता. एक दिवस चुकवला नाही. उद्यासाठी पाळण्याची एक काढून ठेवली आहे, आजी झाल्यात ना. हिला म्हणून दाखवली. ‘लांब आहे,’ एवढंच म्हणाली. हिला काय कळतंय.

आज किती दिवसांनी शांत झोप लागेल.

५ मार्च, मंगळवार

ताईंनी डिंकला ठेवलं.

मी जवळ जाऊन विचारलं, ताई, मी का नाही? त्यांनी हातातली पुस्तकं बाजूला ठेवली. ‘राग मानू नका, मास्तर. रोज दुपारी मी मोजायला बसायचे आणि तुम्ही सुरू व्हायचात. निम्म्यात आकडा सुटायचा. तुमचं झालं की परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.’

तसाच उभा राहिलो. काउंटरवर कुणी नव्हतं. पंख्याचा तेवढा आवाज येत होता.

ताईंनी डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. ‘हं,’ म्हणाल्या, ‘अगदी असं हवं होतं.’