वळणावरचा हॉर्न

१२ मार्च, सकाळचे सहा. बेकरीची गाडी पुसून झाली, मालक यायचे आहेत.

तीर्थरूप आप्पांना धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. लायसन्सच्या परीक्षेत मात्र नापास झालो. गाडी नीट चालवली, पण तुम्ही शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. परीक्षकबाई म्हणाल्या, "कुणाशी भांडताय?" इथे, या परक्या देशात, हॉर्न म्हणजे शिवीच.

मालक म्हणतात, "महिनाअखेर लायसन्स आण, नाहीतर गाडी दुसऱ्याकडे देईन." मंगळवारी पुन्हा परीक्षा आहे. हात हॉर्नवर जाऊ नये म्हणून अंगठ्याला चिंधी बांधून सराव करतो. या खेपेला पास होणारच.

आईला परीक्षा पुढे गेली एवढेच सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? अजून घाटात गाडी नेता का? नेत असाल तर तिथे हॉर्न देत जा.

तुमचा,
धाकटा