कोर्ट उठेपर्यंत

३ जुलै १९६३, नांदुरा
कायम नेमणुकीचा फॉर्म आला. दीड वर्ष हंगामी मास्तरीण आहे, याचीच वाट पाहत होते. तेरा रकाने भरले. चौदावा : फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? टाक पुसून ठेवला.

४ जुलै
दादा म्हणाले, "नाही लिव्ह अन् मोकळी हो. सात वर्सं झाले, कोनाले आठवते?"
मला आठवते. सतरावे वर्ष. आत्याचा लाख वातींचा नेम, घरात कापूस नाही. मालधक्क्यावरच्या गाठींतून उपटून पदरात आणायचे, वावरातला म्हणून सांगायचे. पाचव्या खेपेला रेल्वे पोलिसाने धरले. शिक्षा : कोर्ट उठेपर्यंत कैद. दिवसभर बाकावर बसून होते. शिपायाने चहासुद्धा दिला. पाच वाजता साहेब उठले, मी घरी आले. हिला कैद म्हणायचे?

८ जुलै
रजा काढून मलकापूर. कोर्टातले कारकून म्हणाले, "बाई, एवढ्या बारक्या केसचे कागद कधीच जाळले. तुमचं नाव आता कुठंच नाही. खुशाल जा."
म्हणजे आता फक्त आम्हा घरच्यांनाच माहीत. येताना गाडीत एकदा मनातल्या मनात 'नाही' लिहून पाहिले. बरे वाटले. मग बरे वाटले याचीच भीती वाटली.

९ जुलै
आत्याला सांगितले, खरे लिहिणार. दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे तीच. एक अक्षर चुकले तर सगळी पाटी पुसायला लावायची. वाटले, शाबास म्हणेल. भाजी निवडायची थांबली.
"नोको लिव्हू वं. माह्यापायी झालं ते."
"तुला तेव्हा कुठं माहीत होतं?"
"पहिल्याच दिवशी समजलं. वावरातल्या कापसात सरकी राहते. तुह्या कापसात एक नव्हती, म्हंजे गाठीतला. मी चुपचाप वाती वळल्या."
दोघीही जेवलो नाही.

११ जुलै
'होय' लिहिले. सगळे लिहिले. हेडमास्तरांनी वाचून चष्मा काढला. "एवढं कोनं इच्यारलं होतं तुम्हाले?"
"फॉर्मनं."
ते हसले. मग कोरा फॉर्म पुढे केला. "पोरी तुमच्या भरोशावर शाळेत येऊन राह्यल्या, बाई. उद्यापर्यंत इचार करा."
घेतला नाही. हात मात्र पुढे गेला होता, ते त्यांनी पाहिले की नाही, कोण जाणे.

१९ जुलै
बुलढाण्याहून बोलावणे.  शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारले, "तुरुंगात किती दिवस?"
"तुरुंगात नाही. कोर्ट उठेपर्यंत."
"मग 'नाही' लिहायचं होतं!"
उत्तर पाठ करून गेले होते, आठवले नाही. म्हटले, "शिक्षा झाली का, असं विचारलं होतं."
त्यांनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या. टेबलापलीकडून उलट्या दिसल्या, वाचता आल्या नाहीत. "कळवू."

२१ जुलै, रविवार
हुकूम येईपर्यंत वर्ग घ्या, असे हेडमास्तर म्हणतात. नाही आला तर, हे मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.
सकाळी आत्याने विचारले, "साहेबाले माहं नाव सांगतलं?"
"नाही."
"काऊन?"
मी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.
"मंग अर्धंच सांगतलं तू." ती उठली. "कागद घे. मी सांगतो, तू लिव्ह."
"मी नाही लिहिणार."
"मंग मी लिव्हतो. माहं अक्षर तुह्याहून बरं हाय."
आत टाक शोधते आहे. टाक माझ्या हातात आहे.