कोपऱ्यातल्या ट्रेवरचा उजेड

ती. आईला,

इथूनच पाया पडते. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

काम तसं सोपं आहे. बिनखिडकीच्या खोलीत दिव्यांखाली रोपं वाढवतात. पानांना अन्न तयार करायला किती उजेड मिळतो, ते मी मीटरने मोजते. सगळ्यांना सारखा मिळायला हवा, नाहीतर प्रयोग वाया.

कोपऱ्यातल्या ट्रेवर मात्र आकडा निम्म्यावर यायचा. दिवा बदलला, मीटर बदललं, तरी तेच. तिथली रोपं फिकट पडली आणि तिरपी वाढली. पुढे कुणी उभं असलं की आपण मान वाकडी करून बघतो ना, अगदी तशी.

मॅडम म्हणाल्या, "तूच उजेडात उभी राहत असशील."

काल दुपारी खोलीत मी एकटीच होते. काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "जरा बाजूला सरता का? रोपांना उजेड लागतो."

आकडा सरसर वर चढला. अंगावर काटा आला गं, पण सवयीने तोंडातून "थँक्यू" निघून गेलं.

आज रोपं सरळ व्हायला लागली आहेत. मॅडम खूश आहेत. तू काळजी करू नकोस.

आता खोलीवर येऊन लिहिते आहे. दिवा अगदी समोर आहे, तरी कागदावर सावली पडली आहे. कुणीतरी वाचत असावं, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझी,
धाकटी